गोधडीतल्या मधमाश्या

आमच्याकडे थंडी पडली की नाही हे ठरवायचा मान मोरीतल्या खोबरेल तेलाच्या बाटलीला होता. तेल गोठलं म्हणजे थंडी पडली. मग आई बाटली ओट्यावर उन्हात नेऊन ठेवायची, तेल पातळ व्हायचं आणि थंडी संपायची. बऱ्याच वर्षी हा सगळा हिवाळा सकाळच्या दुसऱ्या चहाच्या आत आटपायचा. स्वेटर घालून कॉलेजला निघालेली मुलगी पडघ्याच्या स्टँडवर पोचेपर्यंत तो काढून कमरेला बांधायची, आणि ती मुलगी मीच होते म्हणून खात्रीने सांगते. आमचं गाव पडघ्याच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला नुकतीच उगवायला लागलेली पत्र्याची गोदामं, आणि शेजारच्या शेडमध्ये दिवसरात्र कापड विणत खडखडणारे लूम. वीज जाऊन लूम बंद पडले की त्या शांततेने आम्हाला झोपेतून जाग यायची.

एवढ्याशा थंडीचा आदर आमच्या घरात एकच माणूस करायचा, रमाकाका. बाबांचा धाकटा भाऊ, ट्रकचा मालक आणि ड्रायव्हर. मानकोलीकडची आमची जमीन गोदामाला गेली तेव्हा बाबांनी घर पक्कं केलं आणि काकाने ट्रक घेतला. भिवंडीतलं कापड वर पंजाबात टाकायचं आणि येताना हिमाचलातली सफरचंदं भरून आणायची, हा त्याचा धंदा. एकदा तिकडे घाटात रस्ता बंद पडला आणि त्याला एका बागवाल्याच्या घरी मुक्काम करावा लागला. बाहेर बर्फ. त्या मुक्कामातून तो एक लोकरी टोपी, कधीच न संपणारी एक गोष्ट आणि थंडी या विषयावरचा पूर्ण अधिकार घेऊन परत आला. टोपी बाराही महिने डोक्यावर. मे महिन्यात कपाळावरून घामाच्या धारा लागायच्या, पण टोपी हलायची नाही. आणि कुठलाही वाद असो, आमटीत मीठ जास्त झालंय का, निवडणुकीत कोण येणार, मी कॉमर्सला जावं की आर्ट्सला, काकाचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, "मी बरफ बगितलाय." यावर कोण काय बोलणार? आमच्यापैकी कुणी फ्रीजच्या पलीकडचा बर्फ पाहिलेला नव्हता. काकाचं लग्न झालेलं नव्हतं. आई म्हणायची, "टोपी बगूनच पोरी पलतात, बरफाची गोष्ट ऐकायला थांबतंय कोन?"

आईचं लक्ष मात्र सगळं तिच्या पेट्यांवर. महिला मंडळातल्या बायकांना एका मधमाशी केंद्राने प्रशिक्षण दिलं होतं. बाकीच्या बायका पहिला डंख बसल्यावर घरी आल्या, आई दोन पेट्या घेऊन आली. पेट्या केंद्राच्या. वर्षभर सांभाळून दाखवायच्या, मग साहेब बघायला येणार. माश्या सुखाने नांदत असतील तर पेट्या कायमच्या आईच्या, शिवाय आणखी नव्या मिळणार. पेट्या ओस दिसल्या तर टेम्पोत घालून परत. साहेब संक्रांतीच्या सुमाराला यायचा होता, आणि दसऱ्यापासूनच आईचा जीव टांगणीला लागला होता. मागच्या अंगणात शेवग्याखाली त्या दोन पेट्या लाकडी घोडीवर मांडलेल्या असायच्या, मुंग्या चढू नयेत म्हणून घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत. आणि दोन्ही पेट्यांवर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं, यमुना. आमच्या घरात हे नाव कुणी घेत नसे. बाबा म्हणायचे "अगं", काका म्हणायचा "वैनी", आम्ही "आई", आणि गावात ती नंदीची आई. सातबाऱ्यावर ती नव्हती, दारावरच्या पाटीवर नव्हती, काकाच्या ट्रकवर तर लिंबू-मिरचीला जागा होती पण तिला नव्हती. पेट्यांवर मात्र नुसतं यमुना, पुढे-मागे कुणी नाही. धूळ बसली की ती पदराने ते नाव पुसायची. धूळ नसली तरी पुसायची.

मध कधी काढायचा याबद्दल तिचे नियम लोणच्याच्या बरणीसारखे होते. दादरा बांधलेला असेपर्यंत बरणीला हात लावणाऱ्याची जी गत व्हायची, तीच पेटी उघडणाऱ्याची. माशी आधी पातळ रस आणून घरांत भरते, पंखांनी वारा घालून घालून तो आटवते, आणि मध नीट पिकला की वरून मेणाचं झाकण लावते. "तिनं झाकन लावलं न्हाय तवर तो मध तिचा," आई सांगायची. "झाकन लावलं का थोडा आपला, थोडा तिचाच." करंज-जांभूळ फुलून गेल्यावर वैशाखात काढायचा, आणि तोही सगळा नाही. कारण आमच्याकडे माशीचे खरे हाल पावसात. चार महिने नुसती धार, फूल नाही की बाहेर पडणं नाही. तेव्हा पेटीवर पत्रा टाकायचा, आत साखरेचं पाणी ठेवायचं, ओल धरू द्यायची नाही. आमच्या माशीचा हिवाळा तो पावसाळाच. थंडीत उलट तिची चंगळ असते. भात कापल्यावर खाचरांत वाल पेरलेला असतो, तो फुलावर येतो, आणि माश्या सकाळी लूमची शिफ्ट सुटल्यासारख्या पेटीतून बाहेर पडतात. हे सगळं आईला ठाऊक होतं आणि तिच्यामुळे मलाही. हल्ली माझी लेक मला मोबाइलवर व्हिडिओ पाठवते, कुठल्यातरी देशात मधपेट्या बर्फात गाडलेल्या, त्यांना बाहेरून जाड दुलया बांधलेल्या. तिला वाटतं मला माश्यांची आवड आहे. मला तो व्हिडिओ बघताना आवड वगैरे काही होत नाही, मी तो अर्ध्यातच बंद करते.

तर त्या वर्षी पौषात माझी मामी बाळंत झाली आणि आईला माहेरी अकलोलीला, गरम पाण्याच्या कुंडांच्या गावी, जावं लागलं. निघताना तिने बाबा आणि काका या दोघांना ओट्यावर उभं केलं. "पेट्यांना हात लावायचा न्हाय. वाट्यांतलं पानी तेवडं बगायचं. बाकी काय करायचं न्हाय. कललं का? काय म्हंजी काय करायचं न्हाय." दोघांनी शाळेतल्या पोरांसारख्या माना हलवल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "नंदे, ध्यान ठेव." मी म्हटलं, माश्यांवर ना? ती म्हणाली, "माश्यांवर कशाला? त्यांना अक्कल हाय."

आई गेली आणि घरावर सुकटीचं राज्य आलं. बाबांना सुकटीचं कालवण सोडून दुसरं काही येत नव्हतं. ते सकाळी करायचे आणि संध्याकाळी त्यातच पाणी वाढवायचे. माझ्या वाट्याला भाकऱ्या. काका पुढच्या खेपेच्या तयारीत होता, ट्रक घरासमोर उभा, कापडाच्या गठाणी भरायच्या होत्या, आणि त्याचा क्लीनर शकील दिवसभर ताडपत्रीचे दोर आवळत बसलेला. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका सकाळी काका मोरीतून बोंबलत बाहेर आला. कमरेला टॉवेल, डोक्यावर टोपी, हातात बाटली.

"दादा, त्याल गोठलं! पार दगुड झालंय!"

"मग उन्हात ठेव," बाबा म्हणाले. ते दात घासत होते.

"उन्हात काय ठेव? त्याल गोठलं, मग पेटीतला मध न्हाय गोठनार? आन् मध गोठला का माश्या काय खानार? सुकट?"

मी चुलीपाशी होते, तिथूनच ओरडले, "काका, आईने सांगितलंय, काही करायचं नाही!"

"वैनी तिकडं गरम पान्याच्या कुंडात डुंबते," काका म्हणाला, "आन् तिच्या माश्या हितं कुडकुडतात. उद्या साहेब आला, पेटी उघडली, आन् माश्या आडव्या पडलेल्या, तर? पेट्या गेल्या म्हंजी वैनीला काय वाटंल?" काकाला आईच्या पेट्यांची मनापासून काळजी होती, हीच तर सगळी भानगड. वाईट वागणाऱ्या माणसाला अडवता येतं हो, काळजी करणाऱ्याला कसं अडवणार?

"पन रमा, एवडी थंडी हाय कुटं?" बाबांनी चूळ भरत विचारलं.

"दादा, मी बरफ बगितलाय."

झालं. बाबांनी ब्रश खाली ठेवला.

हिमाचलात म्हणे थंडी पडायच्या आत मध काढून घेतात आणि मग पेट्या गुंडाळतात. म्हणून आधी मध. काकाने रेनकोट चढवला, वरून मच्छरदाणी ओढली, आणि पायांत गमबूट घालून तो शेवग्याकडे निघाला तेव्हा शेजारच्या लूमवरचे दोन कामगार खिडकीत येऊन उभे राहिले. बाबा मागे माश्यांना धूर द्यायचं आईचं धुराडं घेऊन, पण धूर माश्यांना कमी आणि काकाला जास्त. "दादा, माझ्या तोंडावर नको, पेटीत मार, पेटीत!" कसाबसा पेटीच्या वरच्या कोठीतला एक मधाचा कप्पा, म्हणजे पोळ्याची लाकडी चौकट, निघाला. मी लांबूनच बघत होते आणि लांबूनही मला दिसलं की त्यावर एकसुद्धा झाकण नाही. सगळी घरं उघडी, आतला रस चकचकतोय, कप्पा जरा तिरका केला की टपटप गळतोय. बाबांनी बोट बुडवून चाखलं.

"पातल हाय रं. पान्यागत."

"थंडीनं सुकलाय बिचारा," काका म्हणाला. सुकला की पातळ होतो, हे शास्त्र त्याने बर्फातून आणलं होतं की जागेवर तयार केलं, मला माहीत नाही. तो रस फडक्यातून गाळला, सरबताच्या एका रिकाम्या बाटलीत भरला, वर घट्ट बूच ठोकलं आणि आईला दिसू नये म्हणून बाटली फडताळात पिठाच्या डब्यामागे ठेवली. ही बाटली लक्षात ठेवा. आम्ही मात्र ती विसरून गेलो.

मग गुंडाळणं. कापडाची आमच्याकडे कधीच वानवा नव्हती. भिवंडीच्या आसपास एखाद्या घरात साखर नसेल, पण चिंध्यांचं गाठोडं नाही असं होत नाही. काकाने गठाणीतून उरलेलं कोरं कापड काढलं, बाबांनी उडव्यातला पेंढा उपसून आणला, आणि पेट्यांना आधी पेंढा, मग कापड, मग सुतळी आणि सगळ्यावर आमच्या पांघरायच्या गोधड्या असं बांधून काढलं. माश्या आत-बाहेर करतात ती फट काकाने शेणमातीने लिंपून घेतली, फक्त बोट जाईल एवढं भोक ठेवलं. निळं यमुना हे नाव पेंढ्याच्या मागे गेलं. शेवटी काका दोन पावलं मागे सरकला, पेट्यांकडे प्रेमाने बघितलं, आणि डोक्यावरची टोपी काढून पहिल्या पेटीवर घातली. "रानीला," तो म्हणाला. कित्येक वर्षांनी मी त्याचं डोकं उघडं पाहत होते. मधोमध टक्कल पडलं होतं, हे त्याला स्वतःला तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे. त्या रात्री घरातल्या सगळ्या गोधड्या अंगणात होत्या आणि आम्ही चादरीवर झोपलो. आणि सांगायची गोष्ट म्हणजे, कुणाला थंडी वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तशा पहिल्या पेटीतल्या माश्या त्या भोकातून एकेक करून बाहेर येऊन गोधडीवर बसायला लागल्या. दुपारपर्यंत पेटीला माश्यांची चांगली दाढी आली. हा सरळ सरळ उकाड्याचा प्रकार होता. घामाघूम झालेला माणूस ओट्यावर येऊन बसतो तसा. मी तसं बोलूनही दाखवलं. काका म्हणाला, "ऊन खातायत. आत अजून गारठा आसंल." आणि बाबा, जे आयुष्यात कधी स्वतःहून काही सुचवत नसत, त्यांना नेमकं तेव्हाच सुचलं. "मंग खालून थोडी शेक देऊया का?"

मी कपाळाला हात लावला. पण दोन भावांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होणं आमच्या घरात इतकं दुर्मिळ होतं की ते मोडायची कुणाची छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी घमेल्यात निखारे घेतले आणि ते पहिल्या पेटीच्या घोडीखाली सरकवलं. वर गोधडी लोंबत होती, तिचं टोक जरा होरपळलं, पेंढ्याने धूर धरला. पेटीच्या आतून एक आवाज यायला लागला, आधी बारीक, मग शेजारच्या लूमच्या वर चढलेला. आणि मग त्या एवढ्याशा भोकातून माश्यांची रांगच्या रांग सुटली. बघता बघता अंगणावर काळा ढग घोंघावायला लागला. कोंबड्या खुराड्यात पळाल्या, लूमवाल्यांनी खिडकी धाडकन लावून घेतली. थाळी वाजवली की उठलेलं मोहोळ खाली बसतं असं बाबांनी कुठंतरी ऐकलेलं, म्हणून ते थाळी आणि पळी घेऊन ढगाखाली धावत सुटले. काका माती उधळत होता आणि ती सगळी वाऱ्याने त्याच्याच टकलावर येत होती. मी दोघांच्या मागे "आई येईल, आई येईल" एवढंच ओरडत होते, जसं काही त्याने माश्या ऐकणार होत्या.

ढग शेवग्यावरून घरावर आला, घरावरून रस्त्यावर, आणि तिथे उभा असलेल्या काकाच्या ट्रकभोवती गरगर फिरून डाव्या बाजूच्या आरशावर उतरला. हळूहळू सगळ्या माश्या तिथे जमल्या आणि आरशाखाली फणसाएवढा घोस लोंबायला लागला. केबिनमधून शकीलचा आवाज आला, अगदी शांत, "उस्ताद, ये सवारी कहां तक जाएगी?"

ट्रक त्याच दुपारी निघायचा होता. काकाने पेट्यांपर्यंत हिमाचल आणायचा प्रयत्न केला, आणि माश्या म्हणाल्या असाव्यात की मग आपणच तिकडे जाऊ की. तेवढ्यात रस्त्यावर टमटम थांबली आणि पिशवी घेऊन आई उतरली. नवरा थाळी बडवतोय, दीर उघड्या डोक्याने मातीने माखलाय, पोरगी रडकुंडीला आलीय.

"काय वो, गरान लागलं का?" तिने विचारलं. ग्रहणात थाळी वाजवतात, म्हणून.

ती सरळ मागच्या अंगणात गेली. आम्ही मागोमाग. गोधड्यांची दोन गाठोडी, त्यातल्या एकावर लोकरी टोपी, खाली निखारे. "पेट्यांना ताप आलाय?" आई म्हणाली, आणि मला हसू फुटणार तेवढ्यात तिचा चेहरा दिसला. तिने पहिल्या पेटीची गोधडी ओढून काढली, कापड सोडलं, पेंढा बाजूला केला, आणि पेटीवरचं नाव मोकळं झालं तशी ती तिथेच घोडीपाशी मातीत बसली.

"ह्या घरात माज्या नावाचं येवडंच होतं रं," ती काकाला म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं. "दुसरं काय मागितलं व्हतं मी? काय करू नका म्हनलं व्हतं. काय न करायचं येवडं कठीन हाय का?"

काका उभ्या जागी लहान झाला. बाबांच्या हातात अजून थाळी होती, ती त्यांनी पाठीमागे लपवली. मला आईचा इतका कळवळा आला की मी तिच्या पिशवीतला डिंकाचा लाडू काढून तिच्यासमोर धरला, जसं काही लाडवाने ते भरून येणार होतं. तिने लाडू बाजूला ठेवला, पदराने नाक पुसलं आणि ती उठली. "टोपली आन. आन् दारातला गवती चहा उपट, मूठभर." तिने टोपलीला आतून गवती चहाची पात चोळ चोळ चोळली, सगळा ओटा चहासारखा दरवळला. "ह्या वासाला येतात त्या," ती म्हणाली. "रमा, हिकडं ये. ही टोपली आरशावर उपडी धरायची. हात वर. हलायचं न्हाय. आता तरी काय करायचं न्हाय."

काका ट्रकच्या पायरीवर चढला, डोक्याच्या वर दोन्ही हातांनी टोपली उपडी धरून उभा राहिला. आईने खालून धुराड्याची बारीक बारीक फुंकर द्यायला सुरुवात केली. माश्या एकेक करून वर अंधारात, टोपलीत चढू लागल्या. राणी चढली की बाकीच्या आपोआप चढतात, पण राणीला काही घाई नव्हती. एक माशी त्याच्या नाकावर बसली, शेंड्यापर्यंत चालत गेली, विचार केला, आणि डंख मारला. काका डोळे मिटून "आयाया" एवढंच म्हणाला, पण टोपली हलली नाही. आणि अशा वेळी त्याच्या खिशातला मोबाइल वाजला. तेव्हा गावात दोघा-तिघांकडेच मोबाइल होता आणि त्याची रिंग लांबपर्यंत ऐकू जायची. आई म्हणाली, "नंदे, काड तो भायेर," म्हणून मी खिशातून काढून कानाला लावला. मालवाला सेठ होता.

"गाड़ी निकली क्या? रमाकांत किधर है?"

"काका बोल नहीं सकते," मी म्हटलं. "दोनो हाथ ऊपर करके खड़े हैं।"

पलीकडून घाबरलेला आवाज, "कौन लोग हैं? कितने हैं?"

मी घोसाकडे बघितलं. "बहोत हैं। हजारों होंगे।"

सेठ किंचाळला आणि फोन कट झाला. गाडी लुटली म्हणून तो पडघ्याला पोलीस घेऊन निघाला होता, हे आम्हाला शकीलने उलट फोन करून त्याची समजूत घातली तेव्हा कळलं. "नहीं सेठ, डाकू नहीं, मक्खी है। हां, मक्खी। नहीं, हम लोग पिए हुए नहीं हैं।" तोवर घोसातला शेवटचा पुंजका टोपलीत गेला होता. आईने टोपली फडक्याने झाकली, काखेत तान्हं बाळ घ्यावं तशी घेतली, आणि मागच्या अंगणात नेली. संध्याकाळी तिने दुसऱ्या पेटीतला पिल्लांचा एक कप्पा काढून पहिलीत ठेवला. पिल्लं असली की माश्या घर सोडून जात नाहीत, असं ती म्हणाली. मग टोपली उलटून माश्या आत सोडल्या आणि दाराला बारीक जाळी लावली, राणी बाहेर पडू नये म्हणून. दुसऱ्या पेटीखाली निखारे ठेवायला बाबांना घमेलं मिळालं नव्हतं, म्हणून तिच्यातल्या माश्या जागेवरच राहिल्या होत्या. काका सुजलेलं नाक घेऊन रात्री निघाला. टोपी मागायची त्याची हिंमत झाली नाही.

त्यानंतरचे दिवस आई ओट्यावर बसून पेटीच्या दाराकडेच बघत असायची. माश्या पायांना वालाच्या फुलांतल्या परागाचे पिवळे गोळे लावून आत जाताना दिसल्या त्या सकाळी तिने मला हाक मारून दाखवलं आणि त्या दिवशी आई परतल्यापासून पहिल्यांदा घरात वालाचं बिरडं झालं. संक्रांतीला काका खेपेवरून परतला, आणि दुसऱ्याच दिवशी साहेब आला. बारीक, चष्म्याचा, भिडस्त माणूस. त्याने दोन्ही पेट्या उघडून पाहिल्या, मान डोलावली, होरपळलेल्या घोडीकडे बघून काही विचारणार होता पण विचारलं नाही. मग आत येऊन बसला. आईने तिळगूळ दिला. बाबा आणि काका भिंतीला टेकून उभे.

"शेवटचा एक प्रश्न सगळ्यांनाच विचारतो, यमुनाबाई," साहेब म्हणाला. घरात हे नाव ऐकून आम्ही सगळेच दचकलो. "मध कधी काढायचा?"

"झाकन लावल्यावर," आई म्हणाली. "कच्चा काडला तर..."

आणि फडताळात बॉम्ब फुटला. पिठाच्या डब्यामागची बाटली इतके दिवस आतल्या आत फसफसत होती, तिचं बूच सुटलं, छताला आपटलं आणि थेट साहेबाच्या बशीत येऊन पडलं. पाठोपाठ फेसाळलेला आंबट मध, आणि त्यावर पिठाचा ढग. काका पांढरा, बाबा पांढरे, साहेबाचा चष्मा पांढरा. आईने फडताळाकडे पाहिलं, मग दोघा भावांकडे, आणि सगळं तिच्या ध्यानात आलं.

"...तर असं होतं," ती म्हणाली.

साहेबाने चष्मा पुसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याने कागदावर सही केली. पेट्या आईच्या झाल्या, आणखी चार येणार होत्या. आई तेव्हा हसली नाही. साहेबाची मोटरसायकल वळणाआड गेल्यावर मात्र ती ओट्यावर बसून इतकी हसली, इतकी हसली, की तिला ठसका लागून मला पाणी आणावं लागलं. तिचं ते हसणं मला आजही ऐकू येतं, आणि खरं सांगते, मोबाइलमधल्या कुठल्याही गाण्यापेक्षा मला तेच पुन्हा ऐकायला मिळावं असं वाटतं.

काकाने माफी मागितली नाही. तो मागणाऱ्यांतला नव्हता. पुढच्या खेपेआधी त्याने ट्रक मानकोलीच्या पेंटरकडे नेला आणि संध्याकाळी आणून घरासमोर उलटा लावला, मागची बाजू दाराकडे करून. फाळक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत, निळ्या अक्षरांत, यमुना. खाली एक मधमाशी. पेंटरने याआधी कधी मधमाशी काढली नसावी, कारण तिला मिश्या होत्या आणि चेहरा थेट काकासारखा. आई उठून गेली आणि सवयीने पदराने नाव पुसायला लागली. "वैनी, वला हाय!" काका ओरडला. पदराला निळा रंग लागला आणि 'य'ची एक बाजू पुसट झाली. "ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. ट्रक तसाच गेला.

आई जन्मात कधी नाशिकच्या पुढे गेली नाही. पण काका परत आला तेव्हा सांगत होता की वर घाटात बर्फ लागला, गाडी दिवसभर अडकली, आणि सकाळी उठून बघतो तर फाळका सगळा पांढरा. त्याने हाताने बर्फ झाडला, तेव्हा खालून यमुना निघालं. आई ताटं वाढत होती. जेवताना काका म्हणाला आमटी अळणी आहे, आई म्हणाली नाही, बाबा म्हणाले जराशी आहे, आणि काकाने शेवटचं वाक्य बोलायला तोंड उघडलं.

"गप जेव," आई म्हणाली. "मी बी बरफ बगितलाय."